लांब की दूर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा नातू म्हणाला, "आजी, विजयनगर दूर पडतं." पुण्याहून आलेल्या माझ्या वहिनींनी लगेच टोकलं, "लांब म्हणावं रे!" आमच्या इंदुरात राजवाड्यापासून विजयनगर जेमतेम सहा-सात किलोमीटर, पण वाद रात्रीच्या जेवणापर्यंत चालला.

'दूर' हिंदीतून आला म्हणून आमची मराठी बिघडली, असं वहिनींचं मत. मला ते पटलं नाही. 'दूर' मूळचा संस्कृत, मराठीतही जुना. 'दुरून डोंगर साजरे' म्हणताना कुणाला तो परका वाटतो का? उलट 'लांब' हा संस्कृत 'लंब'वरून आला, म्हणजे मुळात लोंबणारा! म्हणून दोरी लांब असते, दूर नसते. आणि अडचण दूर होते, लांब होत नाही. मुहूर्त हुकला की लग्नही लांबतं. नात्यात मात्र दोन्ही चालतात: दूरचा मामा, लांबचा मामा. (लग्नात आहेर देणारा तेवढा जवळचा.)

मजा 'फार'ची. हा 'स्फार'वरून, म्हणजे विपुल. तो अंतर सांगत नाही, प्रमाण सांगतो: फार लांब, फार गोड, फार शहाणा. नातू त्या जागी 'खूपच' म्हणतो, मित्रांत 'भोत'. 'भोत' मला खटकतो, 'दूर' नाही.

पुणं इथून सुमारे ६०० किलोमीटर. वहिनींना ते 'लांब' वाटतं, मला 'दूर'. आणि मला तरी या दोन शब्दांत थोडा फरक जाणवतो: लांब म्हणजे प्रवासाचा कंटाळा, दूर म्हणजे माणसांची आठवण. इतर इंदूरकर वाचकांना काय वाटतं?

आपली,
एक आजी, इंदूर