प्रश्न विचारले कोणी आणि उत्तरं दिली कोणी?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान ४ वर आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयातल्या प्रेरणादायी व्याख्यानाची बातमी वाचली. फोटो छान आला आहे. मागची मरून झालर माझी आहे, हे आपलं माहितीसाठी. बातमीच्या शेवटी आपण छापलं आहे, ‘यावेळी विद्यार्थ्यांनी विचारलेल्या विविध प्रश्नांना मान्यवरांनी समर्पक उत्तरे दिली.’ महोदय, त्या हॉलमध्ये मी सकाळी साडेआठपासून होतो, ते संध्याकाळी खुर्च्या मोजून टेम्पोत भरेपर्यंत. एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं गेलं नाही, कारण एकही प्रश्न घेतला गेला नाही. हात मात्र वर झाला होता. एकच. तो माझ्या पोरीचा होता.

माझं बिछायत केंद्र आहे. बारा वर्षांपासून या कॉलेजला खुर्च्या, पडदे, साउंड मीच देतो. त्यामुळे वक्ते जितके मी ऐकले तितके तिथल्या कोणीच ऐकले नसतील. साहेब लोक दीपप्रज्वलन झालं की हळूच ऑफिसात निघून जातात, मला मशीन सोडून उठता येत नाही. आता तर मला पहिल्या दोन मिनिटांत कळतं की पुढे हत्तीच्या दोरीची गोष्ट येणार की गरम पाण्यातल्या बेडकाची. सगळे आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात. मग पोरांनी कितीही ओरडून उत्तर दिलं तरी म्हणतात, ‘आवाज नाही आला!’ साउंडवाल्याच्या तोंडावर हे बोलायचं! एकदा तर मी घाबरून खरंच बॉक्सची वायर तपासली होती.

परवाचे पाहुणे पुण्याहून आले होते. कार्यक्रमाची वेळ साडेदहा, सुरू झाला सव्वा वाजता. पोरी सात-साडेसातच्या एसटीनं आलेल्या. सरकारच्या मानव विकास योजनेची निळी बस बारावीपर्यंतच्या पोरींसाठी, कॉलेजच्या पोरींना साध्या गाडीत उभं राहूनच यावं लागतं. त्यात हजेरी सक्तीची. सध्या वेचणी सुरू आहे. कितीतरी पोरं कापूस वेचायचा सोडून, त्या दिवसाची मजुरी बुडवून आली होती. त्यांना पाहुण्यांनी पहिला उपदेश केला तो ‘कम्फर्ट झोनमधून बाहेर या’ हा. माझ्या शेजारी उभा असलेला एक पोट्टा म्हणाला, ‘काका, तो झोन कुठीसा हाये, एक डाव पाहू तं द्या.’ मी हसलो नाही. म्हणजे हसलो, पण माइकपासून लांब.

मग गरुड आला.

आपल्या वाचकांनीही हा गरुड शंभर वेळा ऐकला असेल, म्हणून थोडक्यात लिहितो. चाळीस वर्षांचा झाला की त्याची चोच वाकते, नखं वाकतात. मग तो डोंगरावर जाऊन खडकावर आपटून चोच तोडतो, नवी येईपर्यंत थांबतो, नव्या चोचीनं नखं उपटतो, नव्या नखांनी पिसं उपटतो, आणि पाच महिन्यांनी तरणाबांड होऊन आणखी तीस वर्षं जगतो. पाहुण्यांनी हे डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. खाली बासरी वाजत होती. बासरीचा ट्रॅक त्यांचाच, पेनड्राइव्हवर दिला होता, ‘चोच तुटली की आवाज वाढवा’ अशी मला सूचना होती. मी वाढवला. धंदा आहे.

तेव्हाच पोरीनं हात वर केला. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्र घेतलं आहे. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, ‘प्रश्न शेवटी.’ तिनं हात खाली घेतला. शेवटी पुन्हा वर केला, तर पाहुण्यांना बडनेऱ्याची गाडी पकडायची होती. आभारप्रदर्शनही उभ्या उभ्याच झालं. आणि आपण छापता, समर्पक उत्तरे दिली!

रात्री जेवताना ती म्हणे, ‘बाबा, चोच तुटली तं पाच महिने तो खाईन कशानं?’ मी म्हटलं, गोष्ट आहे ती, एवढं काय. तर तिनं मला ओसरीतली कोंबडी दाखवली. कोंबडी दाणे टिपून झाली की पायरीच्या दगडाला चोच घासते, ते मी लहानपणापासून पाहतो. का घासते, हे कधी मनात आलं नव्हतं. ती म्हणाली, चोचीवर आपल्या नखासारखंच एक आवरण असतं, ते जन्मभर थोडं थोडं वाढतं आणि घासून झिजतं. आतलं हाड मुळापासून तुटलं तर ते काही पुन्हा येत नाही. गरुड काही पाच महिने उपाशी राहू शकत नाही. आणि जंगलातले मोठे गरुडसुद्धा जगतात ते साधारण वीस-तीस वर्षं, तेव्हा चाळिसाव्या वर्षी डोंगरावर जाणार कोण?

एवढंच तिला विचारायचं होतं. अपमान करायचा नव्हता. पहिल्या ओळीत तिला प्राणिशास्त्र शिकवणारे सर बसले होते, तेही चोच तुटताना मान हलवत होते. त्यांना मी नावं ठेवणार नाही. ते तासिका तत्त्वावर आहेत, दर वर्षी नव्यानं मुलाखत द्यावी लागते. अशा माणसानं भर सभेत पाहुण्यांची चोच कशाला धरावी?

आणि गंमत बघा. याच सरांनी मागच्या वर्षी पोरांना मेळघाटातल्या सेमाडोहला नेलं होतं, तिथं रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली होती. पोरीनं ती घरी येऊन आम्हाला तीन वेळा ऐकवली. हे छोटं घुबड १८८४ नंतर कोणाला खात्रीनं दिसलंच नव्हतं. संपलं असं लोक धरून चालले होते. मधे एका इंग्रज अधिकाऱ्यानं संग्रहालयातून चोरलेल्या रानपिंगळ्याला ‘१९१४ साली गुजरातेत मी मारला’ अशी खोटी चिठ्ठी लावून ठेवली, त्यामुळे शोधणारे भलतीकडेच शोधत राहिले. ती लबाडी उघडी पडली, अभ्यासकांनी जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे जाऊन पाहिलं आणि १९९७ मध्ये खानदेशातल्या शहाद्याजवळ तो पक्षी जिवंत बसलेला सापडला. ११३ वर्षांनी! नंतर आपल्या मेळघाटातही मिळाला. आता सांगा, इतकी भारी गोष्ट दोन-अडीच तासांच्या रस्त्यावर पडली असताना चोच फोडणारा गरुड पुण्याहून कशाला मागवायचा? पण सरांना स्टेज कोण देणार? ते घरचे.

चिठ्ठीवरून आठवलं. आपली बातमी कशी तयार झाली तेही सांगतो. सव्वाबाराला कॉलेजचा बाबू स्वागतगीताचा ट्रॅक लावायला माझ्या लॅपटॉपकडे आला. त्याच्या पेनड्राइव्हमध्ये ‘प्रेसनोट फायनल’ नावाची फाइल होती. मी उघडली, हे माझं चुकलं. पण समर्पक उत्तरे तिच्यात तेव्हाच दिलेली होती. पाहुण्यांचा पत्ता नव्हता, फोनवर ‘निघालोय, निघालोय’ चाललं होतं. आपल्या वार्ताहरांना मी ओळखतो, माणूस भला आहे, पण त्या दिवशी ते हॉलमध्ये दिसले नाहीत. फोटोही कॉलेजनंच पाठवलेला आहे. खालच्या कोपऱ्यात अक्षांश-रेखांश आणि वेळ दिसते, पाहा. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकवाल्यांना असाच फोटो लागतो म्हणतात. त्यासाठी मला पुढच्या तीन रांगा गच्च भरायला सांगितल्या होत्या. मागच्या दीडशे खुर्च्या रिकाम्या होत्या, त्या फोटोत नाहीत. बिलात आहेत.

सगळेच पाहुणे असे असतात असं माझं म्हणणं नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी इथंच शिकलेला एक पोरगा तलाठी झाला म्हणून त्याला बोलावलं होतं. फ्लेक्स नाही, बासरी नाही. त्याला धड बोलताही येत नव्हतं, माइक तोंडापासून हातभर लांब. तो तीन वेळा नापास झाला ते कोणत्या विषयात, किती मार्कांनी, तेवढ्या काळात घरखर्च कसा चालवला, एवढं त्यानं सांगितलं, आणि वीस मिनिटांत खाली बसला. मग पोरांनी त्याला धरलं. फॉर्म कुठं भरायचा, पुस्तकं कोणती, रूमचं भाडं किती. अंधार पडला तरी मला खुर्च्या उचलता येईनात. त्याची बातमी आपल्याकडे आली नव्हती. प्रेसनोटच निघाली नव्हती बहुतेक.

ज्यांच्या नावाचं आपलं अमरावतीचं विद्यापीठ आहे, त्या गाडगेबाबांचं १९५६ सालचं मुंबईत बांद्र्याला झालेलं कीर्तन रेकॉर्ड केलेलं आहे, सहज ऐकायला मिळतं. त्यानंतर महिना-दीड महिन्यातच बाबा गेले. मी ते साउंडवाल्याच्या कानानं ऐकतो. बाबा एकटे बोलतच नाहीत. सारखे समोरच्यांना विचारतात आणि लोकांचे आवाज मधे मधे येत राहतात, कधी हो, कधी नाही. ‘आवाज नाही आला’ असं बाबा एकदाही म्हणत नाहीत.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की आपण दुरुस्ती छापावी. चार ओळींची चालेल, पान ४ वरच, झालरीच्या फोटोची गरज नाही. प्रश्न विचारले गेले नाहीत, असं लिहा. आणि जागा उरली तर पोरीचा प्रश्न छापा. पाहुण्यांकडे आपला पेपर जात असेल तर उत्तर येईल. प्रश्न असा : चोच तोडून बसलेला गरुड पाच महिने काय खातो आणि कशानं खातो?

आपला,
एक बिछायतवाला आणि पालक
जि. अमरावती

ता. क. : पत्राचा याच्याशी संबंध नाही, पण लिहितो. गेल्या फेब्रुवारीतल्या स्नेहसंमेलनाचं ७,४०० रुपयांचं माझं बिल याच कॉलेजकडे अजून अडकलेलं आहे. विचारलं की म्हणतात, ‘प्रोसेसमध्ये आहे, धीर ठेवा.’ दहा महिने होत आले. गरुडाचं पाच महिन्यांत आटोपलं होतं. नाव छापू नये ही विनंती, पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे आणखी एक व्याख्यान आहे.