लेप देण्याआधी गाडीच्या पोटाखाली डोकवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यापूर्वी वाहनांची निगा कशी राखावी याविषयीचा उपयुक्त मजकूर आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात वाचनात आला. वायपर, टायर, ब्रेक आणि बॅटरी यांविषयीच्या सूचना योग्यच होत्या. मात्र जुन्या गाडीच्या बाबतीत "खालून गंजरोधक लेप मारून घ्यावा" एवढ्या एका ओळीत तो विषय संपवलेला होता. ही ओळ अपुरी आहे आणि अपुरी असल्यामुळेच महागात पडू शकते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो; म्हणून हे पत्र.

माझी उमेदीची वर्षे शिवाजी उद्यमनगरातील एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याच्या, तपासणी विभागात गेली, त्यामुळे लोखंड आणि गंज यांच्याशी माझा परिचय जुना आहे. जुलै महिन्यात मशीनिंग झालेले कास्टिंग (साच्यातून निघालेला भाग) तेलाचा हात न देता रात्रभर उघडे राहिले, तर सकाळी त्याच्यावर तांबूस झाक आलेली दिसे आणि मग वरिष्ठांची बोलणी खावी लागत. एवढे ठाऊक असलेल्या माणसाने स्वतःच्या दारातील गाडीकडे दुर्लक्ष करावे, हे खरे तर लाजिरवाणे आहे. आमची मारुती ८०० ही २००३ सालची. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर २०१८ मध्ये आणि नंतर २०२३ मध्ये तिच्या नोंदणीचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण झाले आहे. या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी तिचे सुटे भाग अजून मिळतात आणि आम्हा दोघा उतारवयातील माणसांना तिच्यापेक्षा मोठ्या गाडीची गरज नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतील आमच्या गल्लीत पाणी शिरले, तेव्हा गाडी हलवायला मला काही तासांचा उशीर झाला आणि ती दीड दिवस दाराच्या उंबऱ्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. पूर ओसरल्यावर आम्ही सीट काढून वाळवल्या, कार्पेट टाकून दिले, इंजिनचे व गिअरचे ऑइल बदलून घेतले आणि त्याच दिवाळीत एका गॅरेजमध्ये खालून काळा लेप मारून घेतला. गाडी रॅम्पवर चढवली, पाण्याचा फवारा मारला आणि अर्ध्या तासात लेप सुरू झाला. खालून सगळे एकसारखे काळेभोर दिसू लागल्यावर मीही समाधानाने पैसे दिले. त्यानंतर तिसऱ्या उन्हाळ्यात ब्रेक दाबताना टाचेखालचा पत्रा दबल्यासारखा वाटला. मॅट उचलून स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवले, तर ते सरळ आरपार गेले.

पुढे जे दिसले ते मी विसरणार नाही. लेपाचा तळहाताएवढा तुकडा हाताने ओढताच निघाला आणि त्याच्या पाठीला खारी बिस्किटासारखे तपकिरी पापुद्रे चिकटून आले. म्हणजे लेप शाबूत होता आणि पत्रा गेला होता. टिंकरिंग करणाऱ्या कारागिराने दाराखालची लांब पोकळ पेटी एका बाजूने कापून उघडली, तेव्हा तिच्यात पुराचा गाळ बोटभर जाडीने बसलेला होता आणि मे महिन्यातही तो आतून ओलसर होता. या पेटीच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी कारखान्यातूनच बारीक भोके ठेवलेली असतात. ती सर्वच्या सर्व त्या लेपाने बुजली होती. ज्या गोष्टीसाठी मी पैसे मोजले होते, तिनेच ओल आत कोंडून ठेवली होती.

गंजाची क्रिया समजून घेतली तर यात आश्चर्य वाटत नाही. लोखंडाला गंज चढण्यासाठी पाणी आणि हवेतील प्राणवायू या दोनच गोष्टी लागतात. मीठ असले तर क्रिया वेगाने होते, कारण खारट पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो. तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो. म्हणूनच रंगाखाली आधी बारीक फुगा दिसतो, मग पोपडा सुटतो आणि नव्याने उघडा पडलेला पत्रा पुन्हा गंजू लागतो. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर जाड लेप दिला, तर ती ओल बाहेर यायची वाट बंद होते. वरून मात्र काहीच दिसत नाही, आणि हाच त्यातील सर्वांत मोठा धोका आहे.

गेल्या तीन उन्हाळ्यांपासून हे काम मी घरच्या अंगणात स्वतः करतो. त्यात विशेष कौशल्य लागत नाही. वेळ आणि कडक ऊन लागते, आणि एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापुरात दोन्ही मिळतात. पहिला दिवस केवळ धुण्याचा असतो. चाकांवरच्या कमानींच्या आतील दुमडलेल्या कडेत चिखलाची वळकटी बसलेली असते. नळीने पाणी मारून ती निघत नाही, बोटाने किंवा लाकडी चिपेने उकरावी लागते. दारांच्या तळाची व त्या पोकळ पेटीची भोके मी सायकलच्या जुन्या स्पोकने मोकळी करतो. पहिल्या वर्षी एका दारातून कपभर माती निघाली होती. समोरच्या काचेखाली वायपरच्या जाळीत झाडाची पाने कुजलेली असतात, तीही काढावीत, कारण तिथले पाणी अडले की ते केबिनमध्ये उतरते. यानंतर मॅट बाहेर, दारे व डिकी उघडी, असे दोन दिवस गाडी उन्हात ठेवावी. हे दोन दिवस गॅरेजवाल्याला परवडत नाहीत आणि ग्राहकालाही दम नसतो. सगळी गफलत तिथेच होते.

वाळल्यावर पत्रा वाजवून पाहावा. फाउंड्रीत कास्टिंगला तडा आहे का हे आम्ही हातोडीच्या टोल्यावरून ओळखत असू. तसेच इथेही स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकत गेल्यास चांगला पत्रा खणखणतो आणि सडलेला बद्द वाजतो. वरवरचा गंज असेल तिथे तारेच्या ब्रशने व ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने तो चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावा. खाचखळग्यांत जो राहतो त्याच्यावर टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असलेले गंज बदलणारे द्रव लावल्यास उरलेला गंज काळपट, तुलनेने स्थिर थरात बदलतो. सुटे पापुद्रे तसेच ठेवून त्यांच्यावर हे द्रव लावण्यात काही अर्थ नाही. मग थिनरने पुसून एपॉक्सी प्रायमरचे, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचे, दोन हात, त्यावर रंग आणि सर्वांत शेवटी, हवा असल्यास, तो काळा लेप. पुष्कळ जण लाल ऑक्साइड प्रायमरचा एक हात देऊन थांबतात, पण वर रंग नसेल तर नुसता प्रायमर ओल अडवू शकत नाही. पोकळ पेट्यांत लेप न मारता नळीच्या साहाय्याने पातळ मेण फवारावे. ते सांध्यांत झिरपते आणि सुकून तडकत नाही. फवारून झाल्यावर भोके पुन्हा स्पोकने तपासावीत.

सायलेन्सर, ब्रेकचे ड्रम व डिस्क आणि रबरी बुश यांना यातले काहीही लागू देऊ नये. पहिल्या वर्षी माझ्या हातून सायलेन्सरवर लेपाचे शिंतोडे उडाले आणि जोतिबाच्या डोंगरापर्यंत घरची मंडळी नाकाला पदर लावून बसली होती. सायलेन्सर तसाही आतून गंजतो: एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते आणि मंडईपर्यंतच्या छोट्या फेरीत सायलेन्सर पुरेसा तापत नसल्याने त्यातले काही आतच साचते. आठवड्यातून एकदा गाडी सलग वीस-पंचवीस किलोमीटर फिरवणे एवढाच त्यावर उपाय आहे.

आपल्याकडची आणखी एक सवय म्हणजे कोकण. उन्हाळ्यात आणि गणपतीत गगनबावड्याहून किंवा आंबा घाटाने निम्मे कोल्हापूर खाली उतरते, काही उत्साही मंडळी गाडी थेट पुळणीवर नेऊन छायाचित्रे काढतात आणि परत आल्यावर केवळ काचा पुसतात. खारी वाळू चाकांच्या कमानीत महिनोन्‌महिने राहते. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी गोड्या पाण्याने खालची बाजू धुणे हे महागड्या लेपापेक्षा अधिक उपयोगी आहे.

लेपाऐवजी जळके ऑइल फासण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. त्याने पत्र्यावर थोडा काळ थर राहतो हे मान्य, परंतु ते रबर फुगवते, धूळ धरून ठेवते आणि पहिल्या पावसात गटारात जाते. आमच्या भागातील गटारे जयंती नाल्याला आणि जयंती नाला पंचगंगेला मिळतो. वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, हे सल्ला देणाऱ्यांच्या गावीही नसते.

घरी काय करू नये हेही सांगितले पाहिजे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. चाकांना ठोकळे आणि पत्र्याच्या भक्कम भागाखाली लोखंडी स्टँड लावल्याशिवाय मी हातही आत घालत नाही. जॅक लावण्याची जागा, सस्पेन्शनचे सांधे किंवा दाराखालची पेटी सडली असेल, तर ती पुट्टीने भरू नये. गाडीचा भार त्या भागांवर असतो, म्हणून तिथे सडका भाग कापून नवा पत्रा वेल्डच करावा लागतो आणि ते काम जाणत्या कारागिराचेच आहे. ब्रेकच्या लोखंडी नळीवर पापुद्रे दिसले तर घासत न बसता नळी बदलावी. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी रुमालात गुंडाळलेले साधे लोहचुंबक खिशात ठेवावे. जिथे ते पत्र्याला धरत नाही, तिथे बहुधा रंगाखाली पुट्टी आहे.

गॅरेजवाल्यांवर सरसकट दोषारोप करण्याचा माझा हेतू नाही. ज्याने माझी गाडी पुन्हा उभी केली तोही गॅरेजवालाच होता आणि त्याने दोन दिवस पत्रा उघडा ठेवून मला बोलावून दाखवला, मगच प्रायमर लावला. माझी सूचना एवढीच आहे की, ग्राहकांनी लेप देण्याआधी उघड्या, कोरड्या पत्र्याची छायाचित्रे मोबाइलवर मागावीत आणि आपल्या दैनिकाने पुढील मजकुरात ही अट ठळकपणे छापावी. शक्य झाल्यास हे पत्र मृग लागण्यापूर्वी प्रसिद्ध करावे, ही विनंती. वळिवाच्या दोन सरी यापूर्वीच झाल्या आहेत, आणि एकदा झड सुरू झाली की आमच्या गल्लीत दाराखालची ती पेटी दसऱ्यापर्यंत कोरडी होत नाही.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त फाउंड्री कर्मचारी,
शाहूपुरी, कोल्हापूर