शंभराने गुणण्याची घाई

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशातील महागाईविषयी वृत्तपत्रांत, आणि त्याहून अधिक घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, जे आकडे फिरत असतात त्यांत युरोतील किमतीला शंभराने गुणून मोकळे होण्याची पद्धतच पडली आहे. एका कॉफीचे साडेतीनशे, एका डोनर कबाबचे (पावात मांस भरून देतात तो) सातशे, मग तिकडे माणसे जगतात तरी कशी, असा एकूण सूर असतो. जर्मनीतील आखेन शहरात मी नऊ वर्षे घर चालवते आहे. या गुणाकाराने खर्च कळत नाही, उलट कशाला भ्यावे आणि कशाला भिऊ नये याचा गोंधळ होतो, असा माझा अनुभव आहे.

येथे शिधा स्वस्त आणि माणसाचा हात महाग, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. लिटरभर दूध एका युरोच्या आसपास मिळते, किलोभर साधे पीठ त्याहूनही कमी किमतीत. क्वार्क नावाचा जो दह्याचा प्रकार येथे प्रत्येक दुकानात असतो, त्याचा अर्धा किलोचा डबा सव्वा युरोच्या घरात पडतो. रात्रभर फडक्यात टांगून ठेवला की त्याचा उत्तम चक्का होतो आणि आमच्याकडे पाडव्याचे श्रीखंड त्याचेच असते. दूध, भाजी, धान्य अशा बहुतेक खाद्यपदार्थांवर ७ टक्के कर आहे, एरवीचा दर १९ टक्के. कॉफीची तऱ्हा मात्र वेगळी आहे. भाजलेल्या कॉफीवर किलोमागे २ युरो १९ सेंट असा स्वतंत्र कर असल्याने आमच्या गावचे लोक सीमेपलीकडे नेदरलँड्समध्ये, जेथे हा कर नाही, जाऊन पाकिटे घेऊन येतात.

आमच्या शेजारी कोल्हापूरचा एक विद्यार्थी राहतो. आल्या आठवड्यात त्याने पिठाचे सर्वांत स्वस्त पाकीट आणले. त्यावर ४०५ हा आकडा होता, म्हणजे तो जवळजवळ मैदाच (आकडा जितका मोठा तितका कोंडा अधिक, हे त्याला कोणी सांगितले नव्हते), आणि पोळ्या वातड झाल्या. भारतीय दुकानात दहा किलो आट्याची पिशवी चौदा युरोंना होती. चौदाशे रुपयांचा आटा, या विचाराने त्याने ती परत ठेवली आणि पुढचे दोन महिने एक दिवसाआड सात युरोंचा कबाब खाल्ला. पिशवीची रक्कम एकदम डोळ्यांत भरली आणि कबाबची सात-सात करून निसटून गेली, एवढेच झाले.

पाण्याचेही तसेच. गेल्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या असताना एका उपाहारगृहात त्यांनी साधे पाणी मागितले. आली ती काचेची पाऊण लिटरची बाटली, आणि बिलात तिचे जवळजवळ सहा युरो. नळाचे पाणी येथे निर्धास्त पिता येते, पण ते फुकट देण्याचे बंधन उपाहारगृहांवर नाही. दारू विकणाऱ्या ठिकाणी निदान एक बिनदारूचे पेय सर्वांत स्वस्त दारूपेक्षा महाग असता कामा नये, असा कायदा मात्र येथे आहे, यावरून बिअर किती स्वस्त असेल याची कल्पना यावी. दुकानातून पाणी घेतले तर प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत द्यावी लागते आणि स्वस्त पाण्याच्या बाबतीत ती कित्येकदा पाण्याच्या किमतीइतकीच असते. बाटली यंत्रात परत टाकली की पैसे मिळतात; खिडकीत साठवून ठेवली की मिळत नाहीत, हे विद्यार्थ्यांच्या खोल्या पाहिल्यावर सांगावेसे वाटते.

जानेवारी २०२६ पासून येथील किमान वेतन ताशी १३ युरो ९० सेंट आहे. कर वगैरे जाण्यापूर्वीचा हिशेब धरला तर आट्याची ती पिशवी जवळजवळ एका तासाच्या मजुरीची ठरते, आणि घरी पोळीभाजी करून खाणाऱ्याला ती महिनाभर सहज पुरते. अर्थात जो बाप मुलाच्या विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बँकेच्या गोठवलेल्या (ब्लॉक्ड) खात्यात आधीच भरतो, त्याच्यासाठी शंभराचा गुणाकार अगदी खरा आहे आणि त्याची धास्तीही खरी आहे. त्या खात्यातून मुलाला महिन्याला ९९२ युरोच काढता येतात आणि खोलीचे भाडे व विमा त्यातूनच जायचा असतो. म्हणूनच असे लेख छापताना शिध्याचा खर्च आणि बाहेरच्या खाण्याचा खर्च वेगवेगळा द्यावा, आणि रुपयांच्या आकड्याशेजारी तेथील तासाची मजुरीही द्यावी, अशी विनंती आहे.

तो विद्यार्थी आता दर शनिवारी पंचवीस-तीस पोळ्या लाटून फ्रीजरमध्ये ठेवतो. आट्याच्या पिशवीचा भाव त्याने आईला अजून सांगितलेला नाही.

आपली,
एक वाचक, आखेन (जर्मनी)