दुपारी फोन लागत नाही, ते का

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी स्कीइंग करून डोंगरावरून खाली उतरल्यावर बाबांचे सात मिस्ड कॉल दिसले आणि पोटात कालवलं. संध्याकाळी आईचा आवाज इतका बारीक झाला होता की फोनवर मला धड काही सांगताच आलं नाही, म्हणून लिहितेय.

स्कीइंगच्या आखलेल्या वाटा सोडून डोंगरात जायचं असलं की मी फोन मुद्दाम फ्लाइट मोडवर टाकते. त्या दिवशी छातीवर बीकन बांधलेलं असतं. ते सतत सिग्नल सोडतं, म्हणजे मी बर्फाखाली गाडले गेले तर सोबतचे आपापल्या बीकनवर माझा माग काढू शकतात. फोन जवळ चालू असला की त्या सिग्नलमध्ये गडबड होते. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर तो बहुतेक वेळा वाचतो. अर्धा तास गेला की आशा फार थोडी उरते, आणि खालून मदत यायला तेवढा वेळ लागतोच. म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची लांब काठी असते. नुसत्या हातांनी कोसळलेला बर्फ उकरता येत नाही, तो थांबला की घट्ट बसतो.

आता गेल्या वर्षीची एक गोष्ट. तुम्ही काळजी कराल म्हणून लपवली होती, ते चुकलं.

एका उतारापुढे दोरी बांधून 'बंद'ची पाटी लावली होती. पलीकडे चार-पाच जणांच्या स्कीच्या ताज्या रेघा दिसत होत्या. ते गेले, मग आपल्याला काय होतंय, असं म्हणून मी दोरीखालून वाकून गेले. थोडं पुढे गेले आणि पायाखाली 'धप्प' झालं. सगळा बर्फ बोटभर खाली बसला आणि माझ्या स्कीच्या टोकापासून एक भेग सरळ पुढे धावत गेली. खालचा ठिसूळ थर माझ्या वजनाने मोडला होता. तिथे जमीन जवळजवळ सपाट होती म्हणून वरची बर्फाची लादी जागेवर राहिली. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर असते तर ती मला घेऊन गेली असती. हिमस्खलनात सापडतात त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत ती लादी त्यांच्याच किंवा सोबतच्या कुणाच्या वजनाने सुटलेली असते. आधी चारजण सुखरूप गेले याला काही अर्थ नसतो, पाचव्याचा पाय नेमका कच्च्या जागी पडू शकतो.

मी आल्या वाटेने परतले. दोरीपाशी गस्तीवरचा माणूस उभा होता. तो ओरडला नाही. वरचा बर्फ स्फोटाने पाडायची तयारी चालली आहे, एवढंच म्हणाला. खाली मी आहे हे वर कुणालाच माहीत नव्हतं. आई, त्या रात्री मला झोप आली नाही. त्यानंतर मी एकदाही दोरी ओलांडलेली नाही.

आता सकाळी उठल्यावर आधी हिमस्खलनाचा इशारा वाचते. तो एक ते पाच आकड्यांत असतो. रविवारी तीन होता. पाचात तीन म्हणजे मधलं, बरं चाललंय, असं वाटतं. पण तीनला माणसं बाहेर पडतात, आणि कित्येक मृत्यू त्याच दिवसांत होतात. त्यातून रात्रभर वारा होता. नवा बर्फ पडला नाही तरी वारा डोंगराच्या धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचून ठेवतो. आम्ही वरचा बेत सोडून झाडीतल्या मंद उतारावर गेलो, वरच्या बाजूला सुटून येईल असा बर्फ लोंबत नाही ना हे बघून. एकजण नाराज झाला. होऊ दे.

बाबा, मेसेजमध्ये एक नंबर पाठवलाय, माझ्या मैत्रिणीचा. ती खाली असते आणि आमची वाट, परतायची वेळ तिच्याकडे लिहिलेली असते. पाचपर्यंत माझा मेसेज येईल. सहापर्यंत आला नाही तर तिलाच फोन करा, मला करत बसू नका. शनिवारी पुन्हा जाणार आहे. निघायच्या आधी आईशी बोलेन, दुपारी मात्र फोन लागणार नाही.

तुमची,
लेक