गाणं ऐकवायचं कुणाला?

चि. ईशास,
अनेक आशीर्वाद.

गाणं लिहायला शिकवणारं कुणी भेटत नाही आणि हल्ली सुचतही नाही, अशा तुझ्या दोन तक्रारी. दुसरीचं मला फारसं वाटत नाही. १९५५ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा वर्षभर आठवड्याला एक नवं गाणं द्यायचं होतं. गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची. अशी ५६ गाणी झाली. प्रतिभा होतीच, पण वारही ठरलेला होता! तूही एखादा वार ठरव आणि त्या दिवशी गाणं पुरं कर, भले ते सुमार होवो. नुसते मुखडे लिहून हात बसत नाही, कारण खरी पंचाईत अंतऱ्यात होते. मुखड्यात सगळं सांगून झालेलं असतं आणि अंतरा तेच उगाळत बसतो.

शिकवणाऱ्याचं म्हणशील, तर आधी आवडती गाणी उकलून बघ. ओळी वहीत उतरव, अक्षरं मोज, यमक कुठे पडतं तिथे खूण कर. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण असतात, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. चौथा आखूड आणि यमकाविना, म्हणून कान तिथे थबकतो. हे नुसतं वाचून कळत नाही. त्या मापात स्वतःचे शब्द बसवताना कळतं. चालू गाण्याच्या चालीवरही असाच सराव कर, पण तो वहीतच राहू दे.

आणि लिहिलेलं मोठ्यानं गाऊन बघ. कागदावर देखणा दिसणारा शब्द गळ्यात अडकतो. चाल जिथे लांब सूर मागते तिथे ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ असलेलं अक्षर हवं. तिथे ‘चटकन’ ठेवलंस, तर शेवटच्या ‘न’वर किती वेळ थांबणार? ऱ्हस्व अक्षर ताणलं तर अर्थही हलतो. ‘दिन’ लांबवला की ऐकणाऱ्याच्या कानी ‘दीन’ पडतो.

आता, दाखवायचं कुणाला. मित्रमंडळी ‘भारी’ म्हणून मोकळी होतात. आम्ही घरचे तर त्याहून बिनकामाचे, तुझा आवाज ऐकूनच आम्हाला भरून येतं. त्यापेक्षा तबला, पेटी, गिटार घेऊन दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ करणारी माणसं शोध. शब्द तालाबाहेर कुठे सांडतो ते त्यांना चटकन कळतं. तुझं गाणं दुसऱ्या कुणाला गायला दे आणि तू मध्ये बोलू नकोस (हे तुला जड जाईल, माहीत आहे). ते जिथे अडखळतील, जिथे श्वासाला जागा मिळणार नाही, तिथे पेन्सिलीनं खूण कर. ‘कसं झालंय?’ म्हटलं की लोक सभ्य उत्तर देतात. ‘दुसरा अंतरा काढला तर काही बिघडेल का?’ असं विचारलंस, तर खरं बोलतील.

नवं गाणं झालं की मला पाठव, पण लगेच मत मागू नकोस. दुसऱ्या दिवशी फोन कर आणि कुठली ओळ आठवते तेवढंच विचार. एकही आठवली नाही, तर तसं सांगेन.

तुझा,
बाबा