सुभद्रेचे काठ आणि अर्जुनाचा श्वास

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

‘संगीत सौभद्र’चा पडदा पडला आणि सगळे कौतुक गाणाऱ्यांच्या वाट्याला गेले. जायलाच हवे. पण अंबाजोगाईत तुम्ही आपल्या ओसरीवर बसून काढलेली पोशाखांची ती सतरा चित्रे कुणाला दिसली नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र.

आधी मोबाइलवरची देखणी चित्रे घेऊन मी शिंपीमामांकडे गेलो होतो. ते म्हणाले, “चित्र झ्याक आहे, पण ह्याला कापायचं कुठून?” तुमच्या कागदावर मात्र प्रत्येक पोशाखाची पाठही होती. कळ्या किती, नाडी कुठे, कापड किती मीटर, सगळे समासात लिहिलेले आणि कोपऱ्यात कापडाचा तुकडा टाचलेला.

अर्जुनाला मी घट्ट जरीचा अंगरखा सांगितला होता. तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. “तान घेताना पोट कुठं फुगवायचं त्यानं?” आणि कमरेला पट्ट्याऐवजी सैल शेला आला. अर्जुन यतीचा वेष घेतो, त्या कफनीला मी वेलक्रो सुचवला, तर तुम्ही म्हणालात, करकर आवाज पहिल्या रांगेपर्यंत जाईल. टिचबटणे लावली.

भगव्याचे तर मला ठाऊकच नव्हते. तुम्ही निळा जिलेटीन कागद दिव्यापुढे धरलात आणि माझी गडद भगवी कफनी काळपट दिसायला लागली. मग फिकट केशरी आली.

सुभद्रेच्या पैठणीवरून आपले वाजलेच. किर्लोस्करांचे १८८२ सालचे नाटक, त्यात आपण पैठणच्या मुलखातले. खोटी जर कशी चालेल, हा माझा हट्ट. (बालगंधर्वांचे खरे शालू डोक्यात बसलेले, खिशात मात्र शाळेच्या स्नेहसंमेलनाएवढे पैसे.) तुम्ही म्हणालात, “दहाव्या रांगेतून जर कळत नाही, काठ कळतो.” साध्या साडीला दुप्पट रुंद काठ जोडला. मध्यंतरात एक आजी विचारत होत्या, पैठणी कुणाची मागून आणली?

बलरामाचा निळा शेला तुम्हाला नको होता, मी ऐकले नाही. निळ्या पडद्यापुढे तो दिसलाच नाही. चूक माझी.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना शेकडो पोरे बसवलेल्या माणसाने मानधनाचा विषयही काढू दिला नाही. रविवारी चित्रे परत घेऊन येतो. सोळाच आहेत. अर्जुनाचा कागद शिंपीमामांनी मशीनसमोर चिकटवलाय, आणि मागितला की ऐकू येत नसल्यासारखे करतात.

आपला,
नाटकवाला विद्यार्थी