डायनॅमोच्या कंट्रोल बॉक्सबद्दल तक्रार आणि पैसे परत मिळण्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा आणि गुणवत्ता तपासणी विभाग

विषय: गाडीची बॅटरी चार्ज करणाऱ्या सी ४० डायनॅमोसाठी विकलेले दोन्ही कंट्रोल बॉक्स सदोष, सोबतचं माहितीपत्रक धोकादायक.

तुमच्या हेल्पलाइनवर आज झालेलं बोलणं शेवटचं. यापुढे जे काही असेल ते लेखी.

गाडी मॉरिस मायनर १०००, मॉडेल १९६१. १२ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला), लुकास सी ४० डायनॅमो, २२ अँपिअर. ऑर्डर देताना हे सगळं कळवलं होतं, आणि तुमच्या पावतीवर 'आरबी १०६ प्रकार, पॉझिटिव्ह अर्थ' असंच छापलेलं आहे. बॉक्स तुम्हीच बनवता, त्यामुळे आतला व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आणि डायनॅमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा कटआउट कसे चालतात ते समजावत बसत नाही. तपासणीत काय सापडलं तेवढं लिहितो.

तुमच्या माणसाने पहिल्या फोनपासून दोष डायनॅमोवर टाकला, म्हणून आधी डायनॅमोच तपासला. पट्ट्याचा ताण बरोबर होता. डायनॅमोच्या डी (आउटपुट) आणि एफ (फील्ड) या दोन्ही वायरी काढल्या, ते दोन टर्मिनल छोट्या वायरने एकमेकांना जोडले आणि काट्याचं व्होल्टमीटर तिथून बॉडीपर्यंत लावलं. इंजिन मंद गतीवरून हळूहळू वाढवताच काटा न थरथरता वर गेला आणि २० व्होल्टला आम्ही थांबलो, कारण या चाचणीत त्यापुढे न्यायचंच नसतं. फील्ड कॉइल (चुंबक तयार करणारी) बिघडली असती तर काटा अर्ध्या-एक व्होल्टवर बसला असता, आर्मेचर (आत फिरणारा भाग) गेलं असतं तर चार-पाच व्होल्टवर. फील्डचा रोध ६ ओहम भरला, जेवढा हवा तेवढाच. कार्बन लांब आहेत, कम्युटेटर स्वच्छ आहे. डायनॅमो ठणठणीत आहे. हेच मी प्रत्येक फोनवर सांगितलं आणि प्रत्येक वेळी "डायनॅमो चेक करून घ्या" हेच उत्तर मिळालं.

आता पहिला बॉक्स. बॉक्सवरच्या ए (बॅटरीकडची) आणि ए-वन (दिवे-इग्निशनकडची) या टर्मिनलच्या वायरी काढून एकमेकींना जोडल्या, मीटर डी आणि ई (अर्थ) मध्ये लावलं आणि इंजिनचा वेग हळूहळू वाढवला. काटा १६ व्होल्टच्या आसपास जाऊन तिथेच अडायला हवा होता. तो अडला नाही, १९ च्या पुढे चढत राहिला. ॲडजस्टिंग स्क्रू दोन्ही बाजूंना फिरवून पाहिला, काही फरक नाही. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लावला नाही, कारण कॉइल तापली की आकडा खोटा येतो. ई टर्मिनलची अर्थ तुटली असली तरी असंच होतं, म्हणून तीही पाहिली. ई पासून बॅटरीच्या पोलपर्यंत ०.१ व्होल्टसुद्धा पडत नव्हता. मग झाकण काढलं. रेग्युलेटरच्या बॉबिनवरच्या बारीक तारेचं टोक रिव्हेटला नुसतं गुंडाळलेलं होतं. इनॅमल खरवडलेलं नाही, झाळणं तर दूरच. त्या कॉइलमधून करंट जातच नाही, म्हणून पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) कधी उघडत नाहीत आणि फील्डला कायम पूर्ण करंट मिळतो. बॅटरीतलं पाणी उकळून आटलं ते यामुळे. हा दोष कारखान्यात झाकण बसवण्याआधी मीटर लावलं असतं तर तिथेच सापडला असता.

बदली म्हणून आलेल्या दुसऱ्या बॉक्समध्ये रेग्युलेटर चालतो, पण कटआउट चुकीचा लावलेला आहे. पॉइंट १२.७ ते १३.३ व्होल्टमध्ये मिटायला हवेत. हेडलाइट लावून पाहिलं, मिटताना काटा किंचित मागे येतो तो क्षण १५ व्होल्टच्या वर आला. त्याहून वाईट गोष्ट उघडण्याची. बॉक्सवरच्या ए आणि ए-वन च्या वायरी काढून एकमेकींना जोडून, मीटर ए आणि ई मध्ये लावून वेग कमी केला, तर पॉइंट ११ ते ८.५ च्या दरम्यान सुटायला हवेत. इथे ते ५ व्होल्टच्याही खाली चिकटून राहिले. असा बॉक्स गाडीत असताना इंजिन बंद केलं की बॅटरी उलट डायनॅमोमधून रिकामी होऊ लागते. हे सर्किट किल्लीतून जात नाही, त्यामुळे किल्ली काढून माणूस घरात गेला तरी वायर तापत राहते. कापडी वेष्टनाच्या जुन्या वायरिंगला यातून आग लागू शकते. हे तुमच्या माणसाला मी शब्दशः सांगितलं.

त्यावर त्याचं उत्तर असं: "सर, तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे ना, म्हणून आमचा बॉक्स त्यात चालत नाही." पावतीवर पॉझिटिव्ह अर्थ छापून, पैसे घेऊन, वर हे! लोखंडाची पट्टी ओढायला चुंबकाची कुठलीही दिशा चालते. या यांत्रिक बॉक्सला अर्थ कुठली याने काही फरक पडत नाही, हे बनवणाऱ्याच्या माणसाला माहीत नसावं? मी हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढा. इंजिन बंद पडलं तर डायनॅमो गेला." मंद गतीवर डायनॅमो चार्ज करतच नाही, त्यामुळे धडधाकट गाडीसुद्धा तिथे बंद पडेल. आणि वेग वाढवलेला असेल आणि रेग्युलेटर तुमच्या पहिल्या बॉक्ससारखा असेल, तर बल्ब उडतील आणि इग्निशन कॉइल जळेल. मी वरिष्ठांशी बोलायचं म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, "अहो सर, साठ वर्षांची गाडी आहे, अल्टरनेटर बसवून टाका ना." म्हणजे ज्या गाड्यांसाठी तुम्ही सुटे भाग विकता, त्या गाड्या तशाच ठेवू नका, असा तुमचाच सल्ला. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज नोंदणी दिली, ती मूळ रूप जपलेल्या गाड्यांना. शिवाय पॉझिटिव्ह अर्थवर साधा अल्टरनेटर जोडला तर त्याचे डायोड जोडताक्षणी जातात. अर्थ बदलायची तर कॉइलच्या वायरी आणि रेडिओ, सगळं पाहावं लागतं. यातलं काहीही न सांगता "बसवून टाका ना".

माहितीपत्रकाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण त्याने इतरांचं नुकसान होईल. डायनॅमोची पोलॅरिटी (कुठलं टोक पॉझिटिव्ह, कुठलं निगेटिव्ह) ठरवण्यासाठी बॉक्सवरचे ए आणि एफ टर्मिनल वायरने जोडा, असं त्यात छापलं आहे. एफची वायर आधी काढायची, हे कुठेच नाही. ती जोडलेली असताना बॅटरीचा करंट रेग्युलेटरच्या मिटलेल्या पॉइंटमधून थेट थांबलेल्या आर्मेचरमध्ये जातो आणि पॉइंट जळतात. बरोबर पद्धत अशी: डायनॅमोवरची एफ वायर काढायची आणि बॅटरीच्या लाइव्ह (बॉडीला न जोडलेल्या) टोकापासून आणलेल्या वायरने डायनॅमोच्या एफ टर्मिनलला एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. पॉझिटिव्ह अर्थ गाडीत ते टोक निगेटिव्ह असतं. पत्रकात मात्र सरळ 'पॉझिटिव्ह' छापलेलं आहे, तेही पॉझिटिव्ह अर्थ म्हणून विकलेल्या बॉक्सबरोबर.

या गाड्या चालत्या ठेवणारे लोक थोडे आहेत आणि सुटे भाग बनवणारे त्याहून थोडे. म्हणून तुमचं नाव पाहून विश्वासाने ऑर्डर दिली होती. तो विश्वास आता राहिलेला नाही.

मागण्या स्पष्ट आहेत. दोन्ही बॉक्सची पूर्ण रक्कम आणि पाठवण्याचा खर्च परत करा. तिसरा बॉक्स नको. ते माहितीपत्रक आजच्या आज मागे घ्या आणि ज्यांना ते गेलं आहे त्यांना लेखी कळवा. यापुढे विकाल त्या प्रत्येक बॉक्सबरोबर कटआउटचे पॉइंट मिटण्याचा, सुटण्याचा आणि रेग्युलेटरचा ओपन सर्किटचा (बॅटरी न जोडता मोजलेला) व्होल्टेज, मोजताना असलेल्या तापमानासह, लिहून द्या. चालू इंजिनवर बॅटरी काढायला सांगणं तुमच्या हेल्पलाइनवर बंद करा.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार जाईल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अपुऱ्या सूचनांसाठीही उत्पादक जबाबदार धरला जातो, हे तुमच्या वकिलांना विचारून घ्या. पावती, दोन्ही बॉक्स, माहितीपत्रक आणि मीटरच्या आकड्यांचे फोटो माझ्याकडे आहेत. खात्री करायची असेल तर तुमचा इंजिनिअर पाठवा, त्याच्यासमोर सगळ्या चाचण्या पुन्हा करून दाखवतो.

आपला ग्राहक
(नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक पावतीच्या प्रतीवर आहेत)